राहीकाकींची पसंती

राहीकाकींनी आमच्या गावातली अर्धीअधिक लग्नं लावली. माझंसुद्धा. भटजी होते, अंतरपाट होता, अक्षता पडल्या, सगळं रीतसर झालं. पण हळदीच्या पाटावर बसले असताना डोक्यावरून जो आवाज येत होता, तोच मला लग्न म्हणून आठवतो. आम्हा आगऱ्यांत मांडव घालण्यापासून नवरी घराबाहेर काढण्यापर्यंत प्रत्येक कामाचा वेगळा धवला, म्हणजे लग्नगाणं, असतो. तो म्हणणारी बाई ती धवलारीण. तिचा धवला सुरू झाल्याशिवाय हळदीला हात लागत नाही, आणि हळद पुरती लागल्याशिवाय तिचा धवला संपत नाही. बायकांचे हात मागे पडले तर ती दोन ओळी वाढवते. कुणाची आत्या रुसून कोपऱ्यात बसली असेल तर तिचं नाव ओळीत घालून तिला पाटापाशी आणते.

राहीकाकी माझ्या नवऱ्याची चुलती. आमची घरं भिंतीला भिंत लागून. अंगाने बारीक, कपाळावर गोंदण, कमरेला चुन्याची डबी. खाडीकडची जमीन गोदामांना गेली, घरावर मजले चढले, मागच्या गल्लीत कापडाचे लूम बसले आणि दिवसभर खटखट सुरू झाली. काकी मात्र ओटीवर पाय पसरून बसायच्या तशाच बसत राहिल्या. जीभ तिखट. एका लग्नात हळदीच्या जेवणाला मटणाचा रस्सा पातळ निघाला, तर यजमानाच्या तोंडावर म्हणाल्या, "या रश्श्यात म्हावरा सोडला तरी पोवत जायल रं!" यजमान हसला, कारण त्याच्या पोरीचे पुढचे धवले अजून बाकी होते.

त्यांच्या सासूने, ठमाबाईने, त्यांना धवले दिले आणि बरोबर दोन नियम दिले. घरात लग्न नसताना धवला म्हणायचा नाही. आणि एकदा घेतलेला धवला मधे तोडायचा नाही, तोडला तर नवरीच्या संसाराला लागतं. हे दोन्ही नियम काकींनी असे पाळले की गावाच्या हाडात गेले. पिंपळाजवळच्या घरी लग्नात वाऱ्याने मांडवाचं कापड सुटून बायकांच्या अंगावर पडलं. किंकाळ्या, धावपळ, पोरांची रड. कापडाखालून काकींचा आवाज येतच राहिला. लोकांनी कापड उचललं तेव्हा त्या शेवटच्या ओळीवर होत्या, आणि ओळ संपल्यावर म्हणाल्या, "आता वरडा."

काकींच्या मुलाचं नाव बाळाराम, सुनेचं चंद्रा. त्यांची मुलगी उन्नती काकींच्याच कुशीत वाढली. लहानपणी ती काकींच्या मांडीवर डोकं ठेवून हट्ट करायची, "आजी, माझ्या लग्नातला म्हणून दाखव." काकी म्हणायच्या, "तुजे लग्नान म्हनीन. सगले म्हनीन. तवर गप." दुसऱ्यांच्या लग्नात ऐकलेले धवले पोरीला पाठ होते, पण स्वतःचं नाव घातलेला एकही तिने ऐकला नव्हता. तो लग्नातच ऐकायचा होता.

दोन हजार सात साली उन्नतीचं ठरलं. ती कॉलेज करून ठाण्याला नोकरी करत होती, मुलगा तिच्याच ऑफिसातला, डोंबिवलीचा. माणसं चांगली, पण आपल्यातली नव्हेत. बोलणी झाली, साखरपुडा झाला, आणि चहा घेता घेता विहीणबाई सहज बोलून गेल्या, "तुमच्यात म्हणे बायका गाणी म्हणून लग्न लावतात. किती छान! फक्त आम्हाला शब्द कळायला हवेत हो."

त्या बिचारीच्या मनातसुद्धा काही नव्हतं. पण बाळारामभावजींनी ते हुकमासारखं धरलं. भावेशला फोन गेला.

भावेश हा काकींचा भाचा, भावाचा मुलगा. धामणकर नाक्याला कापडाच्या दुकानावर त्याचं छोटं रेकॉर्डिंगचं दुकान. कोळीगीतांच्या सीड्या काढायचा, वाढदिवसाची गाणी काढायचा. त्याच्या डोक्यात हे आधीपासूनच घोळत होतं. "आपल्या पोरी आता बाहेर जातात, धवलारणी राहिल्यात किती? शुद्ध मराठीत धवले काढले तर घरोघर वाजतील." त्याने केसरीनाथ गुरुजींना गाठलं. गुरुजी निवृत्त झालेले, हौशी, जुन्या वहिवाटीचे. त्यांनी जिथे 'उन्नती माझी बाय पाटावं बैसली' अशी ओळ असते तिथे 'वधू ही सुकन्या पाटावरी विराजली' असं केलं, आणि असे सगळे धवले करून दिले. भावेशने ते तीन बायकांकडून गाऊन घेतले. एक त्याची बायको विनिता. दुसरी मुंबईहून बोलावलेली, ऑर्केस्ट्रात गाणारी. तिसरी मेघाली, आतल्या गावच्या चिंधूची मुलगी, कुणब्यांची. ती गोदामात पॅकिंगला होती आणि भजनात गायची.

यांतलं एक निवडायचं होतं. कुणी निवडायचं, हे ठरायला वेळ लागला नाही.

"आत्या, तुमच्याशिवाय कोण?" भावेश म्हणाला. "कव्हरवर छापतो, राहीबाईंच्या पसंतीचे धवले. फोटोसकट."

काकी ओटीवर पान लावत होत्या. "आन मी काय कराचा, लग्नान?"

"तू बस ना आरामात," बाळारामभावजी म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात उभी राहिलीस. नातीच्या लग्नात खुर्चीवर बस. पाहुण्यांना कळेल, तुला त्रास नाही."

"मना तरास कवा झाला?"

उन्नती मधे पडली. "पप्पा, आजी म्हणणार. मी तिला लहानपणापासून..."

"अगं, म्हणू दे ना! सीडी संपली की शेवटचा पायाच्या हळदीचा तिने म्हणायचा. झालं? आधी कळणारं, मग आजीचं."

काकींनी पान तोंडात टाकलं. सगळ्या धवल्यांतला एक त्यांना म्हणायला मिळेल, एवढं ठरलं. उन्नतीने माझ्याकडे पाहिलं.

रविवारी दुपारी सगळे बाळारामभावजींच्या हॉलमध्ये जमलो. सोफ्यावर भावेश आणि विनिता, समोर काकी खाली चटईवर, कारण सोफ्यावर त्यांना बसता येत नाही. चंद्रा, उन्नती आणि मी दारापाशी. मागे लूमची खटखट होती, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. भावेशने कुठली सीडी कुणाची ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, विनिताचा आवाज सगळे ओळखत होते.

पहिली वाजली. विनिता गोड गाते, खोटं कशाला बोलू. पण गुरुजींचे शब्द लांब आणि चाल तीच जुनी, त्यामुळे 'विराजली' मावेना, आणि ती भराभर कोंबून पुढे जात होती. दुसरीत आधी बासरी, मग तबला, मग सिंथेसायझर. त्या बाईने उलट केलं, शब्दासाठी चालच ताणली. बासरीवर एवढा वेळ गेला की हळद वाळून जाईल असं मला वाटलं. तिसरीत काहीच वाद्य नव्हतं. नुसती मेघाली. लांब शब्द आला की ती आधी दम घ्यायची आणि त्याला पुरेशी जागा द्यायची, चाल न हलवता.

काकींचे डोळे मिटलेले. तिन्ही झाल्यावर म्हणाल्या, "परत लाव. तिन्ही."

परत ऐकलं. तिसरी लागली तेव्हा त्यांचे ओठ हलायला लागले आणि त्यांनी हात तोंडावर धरला. घरात अजून लग्न लागलेलं नव्हतं. भावेश म्हणाला, "आत्या, इथे कसं हवं ते जरा म्हणून दाखवा ना, तिला परत गायला लावतो."

"लगीन नाय ना घरान, म्हनाचा कसा?"

"अहो, नुसतं दाखवायला!"

"दाखवाचा पन नाय." मग सीडीकडे बोट करून, "यान पोरीचा नाव कुठं हाय रं? आईबापाचा? वधू, वधू कोन वधू?"

"आत्या, सीडी सगळ्यांसाठी असते. नावं कशी घालणार?"

"आन संपते किती लवकर. चार बोटं हलद लागत नाय तवर संपते."

बाळारामभावजी हसले. हसणं वाईट नव्हतं, पण पुढचं वाक्य होतं. "आई, तुला तिन्ही आवडायच्या नाहीत हे मला माहीत होतं. आपलं काम दुसऱ्याने केलं की..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. चंद्राने नवऱ्याकडे असं पाहिलं की पुरं करायची सोय राहिली नाही. पण काकींनी ऐकायचं ते ऐकलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ज्या बाईने लोकांच्या रश्श्याला, लुगड्याला, जावयाच्या मिशीला नावं ठेवली, तिला त्या क्षणापासून एकाही दोषाचं नाव घेता येईना. खोट काढली तर लोक म्हणणार, ही जळते. नाही काढली तर ती खोट तिच्याच पसंतीने घरोघर वाजणार. चटईवर बसल्या जागी त्यांना सगळ्या बाजूंनी कुंपण पडलं होतं, आणि ते मानाचं होतं.

शेवटी म्हणाल्या, "तिसरी."

विनिता उठून चहाचे कप गोळा करायला लागली. "आत्यांना घरची चालली नाही. परगावची चालली."

"तुजा गला गोड हाय बाय, लाख गोड. पन तू शब्द गिलतेस. दुसरी जी बाय हाय ना, ती आरशान बघून गाते, तिना कुनाचा लगीन लावाचा नाय. ही पोर दम घेते. शब्दाला वाट देते." आणि मग, भावजींकडे न बघता, "बरी गाते. बरी म्हन्जे बरीच."

खरं सांगायचं तर ती चांगली गायली होती म्हणूनच काकी अडकल्या. तिन्ही वाईट असत्या तर त्यांना नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात डोंबिवलीहून उष्टी हळद घेऊन विहीणबाई आणि त्यांच्या चारपाच बायका आल्या. काकींना नवं नऊवारी, नाकात नथ, पुढच्या रांगेत लाल खुर्ची. भावेश जातीने हजर, त्याने बोलावलेला फोटोवाला हजर. आवाजाचं काम डीजेवाल्याकडे. तो निजामपुऱ्याचा, त्याने सीडी घातली, बटणं दाबली आणि "अभी आया, जनरेटर का डिझेल लाता हूँ" म्हणून गेला.

उन्नती पाटावर बसली. मेघालीचा आवाज मोठ्या स्पीकरमधून स्वच्छ आला. विहीणबाईंनी मान डोलावली, "किती स्पष्ट शब्द!" बाळारामभावजी फुलले.

पहिला धवला मांडवाचा. तो संपेपर्यंत चंद्राच्या हातातलं ताट पाटापाशी पोचलंसुद्धा नव्हतं. लगेच हळद कांडण्याचा सुरू. बायकांनी घाईघाईने मुसळाला हात लावला, तर तो संपून तेलाचा सुरू. कुणी तेलाची वाटी आणायला धावली. ती येते तो हळदीचा लागला. आता मात्र सगळ्या एकदम उन्नतीवर तुटून पडल्या. एक गाल, दुसरा गाल, हात, कुणाचं कोपर कुणाच्या डोळ्यात.

"अगं हळू, तिच्या नाकात गेली!"

"हळू कुठून, गाणं पुढं चाललंय!"

"थांबव ना ते!"

"धवला थांबवतात का? वेडी का काय तू?"

हे कुणी एकीने म्हटलं नाही, चारपाच जणींनी म्हटलं, आणि त्यांतल्या दोघी तर काकींहून निम्म्या वयाच्या. यंत्र बंद करायला एकही बाई पुढे जाईना. शहरातल्या विहीणबाई भांबावून एकदा स्पीकरकडे, एकदा आमच्याकडे पाहत होत्या. तेवढ्यात नवरी घराबाहेर काढायचा धवला लागला. उन्नतीचा एक हात अजून कोरडा होता. पण तो धवला कानावर पडला की आमच्याकडे आयांना रडू येतं, तसं ते चंद्राला आलं. ती हळदीच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली आणि उन्नती ओरडली, "आई, मी अजून कुठे गेलेय!"

बायका हसल्या, रडल्या, दोन्ही. विहीणबाईसुद्धा हसल्या. काकी हसल्या नाहीत. त्या खुर्चीच्या टोकावर सरकून बसल्या होत्या, पदर खोचलेला, एक हात गुडघ्यावर. सीडी संपत आली होती. पाय अजून राहिले होते, आणि पायांचा धवला त्यांचा होता.

शेवटची ओळ झाली. मांडवात शांतता पडली. काकी उठल्या, उन्नतीच्या पायांशी खाली बसल्या, ताटात बोटं बुडवली. उन्नतीने डोळे मिटून घेतले. काकींनी मान वर केली, छातीत श्वास भरला.

आणि मेघालीने मांडवाचा धवला पुन्हा सुरू केला.

डीजेवाल्याने सीडी फिरत राहील अशी लावली होती. संपली की पहिल्यापासून. काकींचा श्वास तसाच बाहेर आला, नुसता. एक चालू असताना दुसरा घेता येत नाही. त्या बसून राहिल्या.

भावेशच्या लक्षात आलं. तो धावत यंत्रापाशी गेला, पण हात बटणावर ठेवून तोही थांबला. त्याच्या आईनेही त्याला तेच शिकवलं होतं. धवला संपायची वाट पाहत उभा राहिला. तो संपला आणि दोन गाण्यांमधल्या त्या एवढ्याशा फटीत त्याने बोटाने दाबून यंत्र रोखलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला, "आत्या, बंदच ठेवू का? तुम्हाला म्हणायचंय का?"

सगळ्यांनी वळून काकींकडे पाहिलं. बाळारामभावजींनी पाहिलं. विनिताने पाहिलं, हाताची घडी घालून. विहीणबाईंनी पाहिलं, त्यांना तर काय चाललंय हेच कळत नव्हतं. व्हिडिओचा दिवा काकींच्या तोंडावर आला. उन्नती खाली वाकून कुजबुजली, मी पाटाला लागून होते म्हणून मला ऐकू आलं, "आजी, हो म्हण."

भावेशने मनापासून विचारलं होतं. पण असं विचारायचं नसतं. काकींनी हो म्हटलं असतं, तर सगळ्या मांडवाला बाळारामभावजींचं त्या दुपारचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करून मिळालं असतं.

"नको," काकी म्हणाल्या. "लाव. बरी गाते पोर."

भावेशने बोट उचललं. हळद कांडण्याचा धवला सुरू झाला.

काकींनी उन्नतीच्या पायांना हळद लावली. स्पीकरमधलं गाणं आपल्या घाईने पुढे जात होतं. त्यांचे हात मात्र त्या गाण्याबरोबर नव्हते. टाच, घोटा, एकेक बोट, मधे थांबून परत टाच. उन्नतीने मला नंतर सांगितलं, "काकी, आजी माझ्या पायावर धवला म्हणत होती. कुठे ओळ संपते ते कळत होतं मला. माझं नाव कुठे येतं तेवढं मात्र नाही कळलं." हे सांगताना ती माहेरी आली होती, आणि रडली नाही; उलट जरा चिडल्यासारखी बोलत होती, आजीवर की आपल्यावर, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पाय झाले तेव्हा फोटोवाला पुढे आला. "आजी, कव्हरसाठी एक. जरा गाताना दाखवा ना. तोंड उघडा, हात असा वर."

स्पीकरमधून तेलाचा धवला चालू होता. काकींनी हळदीने भरलेला हात वर केला आणि तोंड उघडलं. तो म्हणाला, "अजून थोडं." त्यांनी अजून उघडलं. दिवा चमकला. "मस्त! एक आणखी." त्यांनी तसंच उघडं ठेवलं.

ती सीडी चांगली खपली. पुढच्या लग्नसराईत आमच्या गावात धवलारीण बोलवायची दोन घरांनी सोडली, पुढच्या वर्षी आणखी काही. भावेशने दुसरी काढली, तिसरी काढली, आणि प्रत्येक वेळी काकींना चटईवर बसवून निवडायला लावलं. त्या दर वेळी प्रामाणिकपणे निवडतात. विनिताच्या गाण्याला एकदा त्यांची पसंती मिळाली, कारण तिने शब्द गिळायचे सोडले होते. ती त्या दिवशी काकींच्या पाया पडली.

निजामपुऱ्यातल्या दुकानात मी परवा साडीला फॉल घ्यायला गेले होते. शेजारी सीड्या टांगलेल्या. दोन बायका कव्हर हातात घेऊन बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "बघ ना, म्हातारी या वयात पण काय जोरात गाते!"